बोरोबुदूरचा झाकलेला पायथा आणि कासियान सेफास यांची छायाचित्रे

जगभरच्या बौद्ध तीर्थस्थळांचे दर्शन आपल्यापैकी बहुतेकांना छायाचित्रांतूनच घडलेले असते. विहाराच्या भिंतीवरील दिनदर्शिका, वंदनेच्या पुस्तिकेचे मुखपृष्ठ, अभ्यासग्रंथांच्या शेवटी जोडलेली चित्रपाने यांच्याद्वारे कामाकुराची महाबुद्धमूर्ती, अनुराधपुरचे स्तूप आणि जावा बेटावरील बोरोबुदूर आपल्या घरापर्यंत आलेले आहेत. ही चित्रे कोणी टिपली, कोणाच्या आज्ञेने टिपली आणि त्यांत काय आले व काय वगळले गेले, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एकाच चित्रमालेचा विचार करणार आहोत. ही चित्रमाला केवळ स्मरणार्थ घेतलेली नाही. तिच्यातील शिल्पपट आज जवळजवळ सर्वच्या सर्व दगडांच्या आड असून, ते पाहावयाचे तर या छायाचित्रांवाचून दुसरा मार्ग नाही. शिवाय त्या पटांचा विषय असा आहे की आंबेडकरी बौद्धाला त्यापुढून डोळे मिटून जाता येत नाही. तो विषय म्हणजे कर्मविपाक.

मध्य जावातील केदूच्या सपाटीवर, प्रोगो आणि एलो या नद्यांच्या परिसरात, शैलेंद्र राजवंशाच्या काळी म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या अखेरीस व नवव्याच्या पूर्वार्धात बोरोबुदूर उभे राहिले. काळ्या ज्वालामुखी दगडाच्या या वास्तूत ५०४ बुद्धमूर्ती आणि १,४६० कथात्मक शिल्पपट आहेत. प्रदक्षिणेच्या मार्गाने वर चढणाऱ्या उपासकाला ललितविस्तरातील बुद्धचरित्र, जातके, अवदाने आणि शेवटी गंडव्यूहातील सुधनाची यात्रा क्रमाने दिसत जाते. १८१४ मध्ये रॅफल्सच्या आदेशाने वास्तूवरील झाडोरा व माती काढण्याचे काम सुरू झाले आणि युरोपीय विद्वानांचे लक्ष तिच्याकडे वळले. जावातील लोकांना ती ठाऊक होतीच. तेव्हा 'शोध लागला' हा शब्द आम्ही येथे मुद्दाम वापरीत नाही.

छायाचित्रणाची विद्या १८३९ मध्ये जगापुढे आली आणि अवघ्या सहा वर्षांत ती बोरोबुदूरला पोहोचली. १८४५ मध्ये आडोल्फ शेफर या जर्मन छायाचित्रकाराने डच शासनाच्या वतीने येथील शिल्पांची दागेरोताइप चित्रे घेतली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारे ते चित्र एकमेव असे. त्याच्या प्रती काढता येत नसत. शासनाने नंतर विल्सन या अधिकाऱ्याकडून रेखाचित्रे काढविली. त्यांवर आधारलेला लेमान्स यांचा ग्रंथ १८७३ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी इसिदोर व्हान किन्सबर्गन यांनी बोरोबुदूरची छायाचित्रे घेतली. रेखाचित्रात शिल्पाचा चेहरा काढणाऱ्याच्या हाताच्या वळणाप्रमाणे बदलतो, अस्पष्ट भाग तर्काने भरून निघतो, अक्षरे तर गळूनच जातात. अजिंठ्याच्या बाबतीत महाराष्ट्राने वेगळ्या प्रकारची हानी सोसली. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेल्या भित्तिचित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळील सिडनहॅम येथील आगीत जळाल्या. गिल यांनी पुढे कॅमेराही हाती घेतला होता, आणि अजिंठा-वेरूळची त्यांची छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या १८६४ मधील ग्रंथामुळे टिकून राहिली.

बोरोबुदूरच्या पायथ्याचे रहस्य १८८५ मध्ये उघडकीस आले. योग्यकर्ता येथील पुरातत्त्व मंडळाचे अध्यक्ष यान विलेम आयझरमान यांच्या लक्षात आले की, वास्तूच्या तळाशी जो रुंद ओटा दिसतो तो मूळचा नाही. त्याच्या आत दुसरा पायथा आहे आणि त्यावर शिल्पे आहेत. ही शिल्पे का झाकली, याविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे हा थर कामधातूचा, वासनांच्या जगाचा असल्याने तो साधकाच्या दृष्टीआड केला. दुसऱ्या मताप्रमाणे टेकडीवर रचलेली ही प्रचंड वास्तू खाली सरकू लागल्याने तिला बाहेरून दगडांचा आधार द्यावा लागला. आमचा कौल दुसऱ्या मताला आहे. झाकलेल्या पटांपैकी काही अपुरे राहिलेले आहेत. लपवावयाची म्हणून कोरलेली शिल्पे अर्धवट सोडण्याचे कारण नाही, आणि लपवावयाचीच होती तर ती कोरली कशासाठी? भिंत सरकत असताना मात्र पाथरवटाच्या हातातील छिन्नी खाली ठेवावीच लागते.

या पायथ्याची छायाचित्रे घेण्याचे काम १८९० मध्ये सुरू झाले व १८९१ मध्ये पुरे झाले. ते सोपविले गेले कासियान सेफास यांच्याकडे. सेफास जातीने जावानी, धर्माने ख्रिस्ती आणि योग्यकर्ताच्या सुलतानाचे दरबारी छायाचित्रकार होते. त्यांचा जन्म १८४५ चा, म्हणजे शेफरने बोरोबुदूरची पहिली छायाचित्रे घेतली त्याच वर्षीचा. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेल्या 'सेफास' या नावाचा अर्थ अरामी भाषेत 'खडक' असा होतो. दगडांची चित्रे घेण्यात ज्याचे नाव राहिले त्याला ते शोभून दिसते! जावाच्या मूळ रहिवाशांपैकी व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळविणारे ते पहिलेच गृहस्थ मानले जातात.

कामाची पद्धत अशी होती की, बाहेरच्या ओट्याचा एक भाग उकलावयाचा, आतील पट उघडे करावयाचे, त्यांची छायाचित्रे घ्यावयाची, दगड पुन्हा जागच्या जागी रचावयाचे आणि मग पुढचा भाग उकलावयाचा. संपूर्ण पायथा एकदम मोकळा करणे वास्तूला पेलवले नसते. अशा रीतीने १६० पटांची १६० छायाचित्रे आणि परिसराची ४, मिळून १६४ चित्रे तयार झाली. प्रत्येक पट जणू श्वास घेण्यापुरता उजेडात आला आणि पुन्हा अंधारात गेला. दगड उकलणारे आणि रचणारे मजूर या १६० चित्रांचा विषय नव्हते. परंतु त्यांच्या श्रमावाचून यांतील एकही चित्र निघाले नसते.

या छायाचित्रांत आपणांस दिसते ते राजसभांचे जग नव्हे. मासे धरणारी माणसे, स्वयंपाकाची भांडी, झाडाखाली विसावलेली मंडळी, वादक, रोगी व त्याची शुश्रूषा करणारे, भांडणारे, दान देणारे, दान घेणारे असे नवव्या शतकातील जावाचे सामान्य जीवन येथे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला घरांची बांधणी, वस्त्रे आणि अवजारे यांचा इतका मोठा साठा त्या काळातील अन्य ठिकाणी क्वचित मिळेल. परंतु हे सर्व एका सूत्रात ओवलेले आहे. प्रदक्षिणेत वास्तू उजव्या हाताला राहते, त्यामुळे पट उजवीकडून डावीकडे वाचावयाचा असतो. सामान्यतः उजवीकडे कर्म, डावीकडे त्याचे फळ. जिवंत प्राणी उकळत्या भांड्यात टाकणारी माणसे एका बाजूला, तर नरकातील कढईत स्वतः उकळली जाणारी माणसे दुसऱ्या बाजूला. पहिल्या ११७ पटांत अनेक कर्मांचे एकच फळ दाखविले आहे. उरलेल्या ४३ पटांत एकाच प्रकारच्या कर्माची अनेक फळे.

काही पटांच्या वरच्या कडेला प्राचीन जावानी लिपीत संस्कृत शब्द कोरलेले आहेत : विरूप, अभिध्या, व्यापाद, कुशल, स्वर्ग इत्यादी. या पाथरवटांसाठी दिलेल्या सूचना होत. येथे काय कोरावयाचे ते सूत्रधाराने एका शब्दात सांगून ठेवले होते, आणि काम पुरे झाल्यावर ती अक्षरे छिलून टाकावयाची होती. काम अपुरे राहिले म्हणून अक्षरे राहिली. पायथा झाकला गेला म्हणून ती ऊनपावसापासून वाचली. सेफास यांच्या काचेवर उमटली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. अक्षरवळणावरून वास्तूचा काळ ठरविण्यास याच शब्दांचा मोठा आधार झाला.

हे पट कोणत्या ग्रंथावर आधारलेले आहेत, ते फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी १९३१ च्या सुमारास दाखवून दिले. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितांवरून 'महाकर्मविभंग' या संस्कृत ग्रंथाचे संपादन ते करीत होते, व तो ग्रंथ १९३२ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. पायथा बंद होता. तेव्हा ग्रंथाचा आणि शिल्पांचा मेळ घालावयाचा तो छायाचित्रांवरूनच घालणे भाग होते. हस्तलिखित नेपाळचे, शिल्प जावाचे, संशोधक पॅरिसचा, आणि त्यांना जोडणारा दुवा एका जावानी माणसाने घेतलेली चित्रे.

पालीच्या वाचकाला हा ग्रंथ परका वाटणार नाही. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंगसुत्त हे त्याचेच भावंड. तोदेय्य ब्राह्मणाचा पुत्र सुभ माणव भगवंतांना विचारतो की, माणसांत कोणी अल्पायुषी तर कोणी दीर्घायुषी, कोणी रोगी तर कोणी निरोगी, कोणी कुरूप तर कोणी सुरूप, कोणी नीच कुळातला तर कोणी उच्च कुळातला, असा भेद का दिसतो? उत्तरात एकेका भेदाचे कारण म्हणून एकेक कर्म सांगितले आहे. क्रोधी माणूस कुरूप होतो, हा त्यातला एक नियम. आणि 'विरूप' हा शब्द कोरलेल्या पटावर वेड्यावाकड्या चेहऱ्यांची माणसे आहेत. नीच कुळातील जन्माचे कारण सुत्तात असे दिले आहे की, जो ताठा धरून वंदनीयांना वंदन करीत नाही, आसन देत नाही, वाट सोडत नाही, तो नीच कुळात जन्मतो. हे वाचताना आमच्यासारख्यांच्या मनाला चटका बसतो. वाट सोडणे आणि वाकून उभे राहणे या गोष्टी ज्यांच्या पूर्वजांकडून गावोगाव सक्तीने वसूल केल्या गेल्या, त्यांनी हा नियम कसा वाचावा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रश्न टाळलेला नाही. पूर्वजन्मीच्या कर्मावर या जन्मीची स्थिती टाकण्याचा सिद्धांत समाजाला व राज्याला दीनदुबळ्यांच्या जबाबदारीतून मोकळे करतो, म्हणून तो तथागतांचा असू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भाणकांच्या मुखपरंपरेत कर्म आणि पुनर्जन्म यांविषयी बुद्धवचनाचा विपर्यास झाला, हेही त्यांनी बजावून ठेवले आहे. बोरोबुदूरचे पट 'दगडात कोरलेला पुरावा' म्हणून या मताविरुद्ध पुढे केले जाऊ शकतात. आमच्या मते तो पुरावा आहे खरा; पण भगवंतांच्या उपदेशाचा नव्हे, तर त्यांच्यानंतर बाराशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर एका राजाश्रित संघाने लोकांना काय शिकविले त्याचा.

आणि पाली साहित्यातही हा एकच सूर नाही. संयुत्तनिकायात मोळियसीवक परिव्राजक विचारतो की, जे काही सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे म्हणणे खरे काय? भगवंत ते नाकारतात आणि वेदनांची आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, स्वतःची विषम वागणूक, दुसऱ्याने केलेला आघात, आणि आठव्या क्रमांकावर कर्मविपाक. मज्झिमनिकायातील देवदहसुत्तात तर सर्व दुःख पूर्वकर्माचे मानणाऱ्या निगंठांची कसून उलटतपासणी आहे. आता शिल्पपटाची मर्यादा लक्षात घ्यावी. पटाला दोनच बाजू : उजवीकडे कर्म, डावीकडे फळ. आठांपैकी सात कारणे कोरावयास तेथे जागाच नाही. 'कधी कधी', 'इतर कारणांबरोबर', 'असेच असेल असे नव्हे' हे शब्द दगडात कोरता येत नाहीत. ग्रंथातून चित्रात उतरताना सिद्धांत कठोर झाला असावा, आणि एका काचेवर एक पट या छायाचित्रणाच्या पद्धतीने तो आणखीच सुटा दिसू लागला.

एक गोष्ट मात्र या परंपरेच्या पदरी घातली पाहिजे. महाकर्मविभंगाच्या आरंभी आणि पालीतील अट्ठकथेतही अशी कथा आहे की, सुभाचा धनाढ्य व कृपण ब्राह्मण पिता मरून स्वतःच्याच घरी कुत्रा होऊन जन्मला होता. उच्च वर्णाच्या अभिमानावर इतका नेमका घाव घालणारी कथा मनुस्मृतीच्या कर्मविचारात आम्हांला कल्पिताही येत नाही.

जन्मावरून माणसांची प्रतवारी लावणारे एक शास्त्र या छायाचित्रांच्या बाहेरही त्या वेळी जावात लागू होते. त्याला कर्माचा आधार नव्हता, कायद्याचा होता. डच वसाहतीच्या १८५४ च्या शासन-नियमांनी रहिवाशांची 'युरोपीय' व 'एतद्देशीय' अशी विभागणी केली होती. न्यायालये वेगळी, हक्क वेगळे. ख्रिस्ती झाल्यानेही एतद्देशीय माणूस युरोपीय ठरत नसे. सेफास यांनी स्वतःसाठी व आपल्या पुत्रांसाठी युरोपीयांच्या बरोबरीचा दर्जा मागितला आणि तो त्यांना १८९१ मध्ये मिळाला. म्हणजे उच्च आणि नीच कुळातील जन्माची कारणे सांगणारे पट ते एकामागून एक कॅमेऱ्यात घेत होते त्याच सुमारास, ज्या कुळात जन्म झाला ते कायद्याने बदलून घेण्याचा त्यांचा अर्ज शासनाच्या दप्तरात फिरत होता.

छायाचित्रे घेतली गेली तरी ती अभ्यासकांच्या हाती सुटसुटीतपणे यावयास जवळजवळ ३० वर्षे लागली. क्रोम आणि व्हान एर्प यांच्या १९२० मधील ग्रंथात ती समग्र छापली गेली. दरम्यान व्हान एर्प यांनी १९०७ ते १९११ या काळात वास्तूचा जीर्णोद्धार केला. पुढे १९७३ ते १९८३ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने वरचे चौकोनी मजले दगड दगड सुटे करून पुन्हा उभारण्यात आले. पायथ्याचा ओटा दोन्ही वेळी जागीच राहिला. अलीकडे जपानमधील रित्सुमेइकान विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या छायाचित्रांतील छायाप्रकाशावरून संगणकाच्या साहाय्याने शिल्पांची खोली अजमावून, झाकलेल्या पटांना त्रिमितीत उभे करण्याचा प्रयत्न चालविला आहे. त्यांचाही आधार सेफास यांचीच चित्रे होत.

दुसऱ्या महायुद्धात जावा जपानच्या ताब्यात असताना ओट्याचा आग्नेय कोपरा उकलण्यात आला, आणि तो तसाच मोकळा राहिला आहे. तेथे जाणाऱ्या प्रवाशाला मोजकेच पट पाहावयास मिळतात. त्यांतल्या एकावर, वाकड्या चेहऱ्यांच्या माणसांच्या वरच्या कडेला, पुसावयाचा राहून गेलेला 'विरूप' हा शब्द अजून वाचता येतो.