मावळचा पाऊस आणि महसीरची वीण

आपल्या पंचांगात पावसाची नक्षत्रे दिलेली असतात आणि शेतकरी ती पाहून पेरणीचा बेत करतो. नदीतल्या माशांपाशी पंचांग नसते. तरीही मृग-आर्द्राच्या सरींनी ओढ्यांना पहिला लोंढा आला, की मावळातले गाभोळी मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात आणि थेट भातखाचरांपर्यंत जाऊन पोहोचतात. मावळात यांनाच चढणीचे मासे म्हणतात. त्यांना हा मुहूर्त कोण सांगते? उत्तर साधेच आहे. उन्हाळ्याची ऊब आणि लांबलेला दिवस माशाच्या पोटात अंडी पक्व करतात. आणि पावसाचे गार, गढूळ, वाहते पाणी ती बाहेर टाकण्याची वेळ सांगते. ऊन आणि पाऊस या दोघांनी एकमेकांची वेळ पाळली, तरच वीण साधते.

इतिहासाच्या अभ्यासकाने माशांत कशाला पडावे, असे कोणी विचारील. पण मला या माशांत मावळचा दोनशे वर्षांचा इतिहास दिसतो. त्यातला पहिला माणूस कर्नल विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारने १८२४ साली त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. या गृहस्थाने इथले हवामान मोजले आणि त्याचा वृत्तांत १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. पुढे १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. कित्येक माशांना त्याने इथल्याच लोकांच्या तोंडची नावे ठेवली. ‘कोलस’, ‘पोटेल’ आणि महसीरच्या एका जातीला ‘खुद्री’. आज जगभरचे शास्त्रज्ञ या महसीरला ‘टॉर खुद्री’ म्हणतात. त्यातला ‘खुद्री’ हा शब्द मुळामुठेच्या काठचा आहे. पाऊस आणि मासा ही दोन्ही मोजमापे एकाच माणसाने केली. त्या दोहोंची सांगड घालण्याचे काम मात्र पुढच्या पिढ्यांसाठी उरले.

लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून साठ-पासष्ट किलोमीटरांवर असलेल्या पुण्यात जेमतेम सातशे-साडेसातशे. इंद्रायणी या पावसाच्या माहेरात उगम पावते आणि देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेस मिळते. या पावसावर विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांची नजर गेली. १९१० साली कंपनी निघाली, लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे धरणे झाली, आणि पूर्वेकडे वाहणारे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून मुंबईला वीज मिळू लागली. दिवाळीत आपण मुंबईच्या रोषणाईचे कौतुक करतो, त्या रोषणाईची वात मावळच्या पावसात भिजलेली होती, एवढे ध्यानात ठेवावे.

धरण झाले की नदीचे तळे होते. तळ्यात मासा वाढतो, पण विणीसाठी त्याला वाहते पाणी हवे. वळवणच्या महसीरने यावर आपल्यापुरता तोडगा काढला. ऐन जुलै-ऑगस्टच्या पावसात तळ्याला मिळणारे ओहोळ खळाळू लागले, की तो त्यांच्या मुखाशी येऊन गोट्यांच्या तळावर अंडी घालू लागला. मत्स्यव्यवसायाच्या कामात आयुष्य घालवलेल्या डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७०च्या सुमारास लोणावळ्यात याचा बारकाईने अभ्यास केला. पक्व नर-मादीची पोटे हलक्या हाताने दाबून अंडी आणि वीर्य काढायचे, त्यांचा संयोग घडवायचा आणि ती अंडी वाहत्या पाण्याखालच्या तबकांत ठेवायची, ही रीत तेथे रुळली. ओल्या कापसात गुंडाळून ही अंडी दूरदेशीही पाठवता येतात, असे आढळले. त्याआधी १९५७ साली ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी मस्तिष्कग्रंथीच्या अर्काची सुई टोचून कार्प जातीच्या माशांकडून अंडी घालवून घेतली होती. पावसाचा निरोप माणसाने सुईतून द्यावा, अशी ही करामत.

लोणावळ्याच्या केंद्रातून लाखो पिले निरनिराळ्या जलाशयांत गेली. पूर्वी धोक्यात गणली जाणारी ही जात २०२०च्या सुमारास आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत त्या वर्गातून बाहेर आली. आनंदाचीच गोष्ट. पण या यशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. हीच जात कावेरीत सोडली गेली आणि तेथे इतकी बळावली, की त्या नदीचा स्वतःचा वाशिंडाचा महसीर मागे पडत गेला. २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त ठरला. एका नदीचे औषध दुसऱ्या नदीला मानवतेच, असे नाही.

आता हवामानाकडे वळू. महसीरची अंडी फुटायला सुमारे तीन दिवस लागतात. रोहू-कटल्याची पंधरा-अठरा तासांत फुटतात. अंड्यातून निघालेली महसीरची पिलेही आणखी काही दिवस तळाच्या आडोशाला पडून राहतात. एवढ्या काळात ओहोळ आटला तर सारे कोरडे पडते. ढगफुटीसारखा पाऊस आला तर डोंगराची माती येऊन अंड्यांचा श्वास कोंडतो. महसीरला हवा असतो तो टिकून पडणारा पाऊस, आणि नेमका तोच आता बेभरवशाचा होत आहे. मुंबईला मोसमी पाऊस पोहोचण्याची नेहमीची तारीख ११ जून. २०२३ साली तो २५ जूनला आला. २०२५ साली २६ मे रोजीच दारात उभा! पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या. बंगाल-ओरिसातील मत्स्यबीज केंद्रांत कार्प मासे पावसाळ्याची वाट न पाहता मार्चमध्येच पक्व होऊ लागल्याची नोंद आहे. ऊब लवकर आली आणि पाणी उशिरा आले, तर नदीतल्या माशाने काय करावे? केंद्रात माणूस पाणी पुरवील. ओढ्यात कोण पुरवणार?

आपल्या जुन्या रिवाजांत याचे थोडे शहाणपण होते. देहू-आळंदीच्या डोहांतले मासे लोक भक्तिभावाने राखीत. श्रावणात घरोघर मासे वर्ज्य; महसीरच्या विणीचा काळ त्यात बराचसा येतो. मात्र चढणीचे मासे आषाढाच्या आधीच निघतात; त्यांना श्रावणाचे संरक्षण नाही. सुरुंग आणि विष घालून मासे मारण्यास १८९७च्या कायद्याने बंदी घातली. पण गाभोळी माशांच्या वाटेत लावलेले जाळे पाहून क्वचितच कोणी हटकतो.

मासा माणसाला पैदा करता येतो, पण त्याच्या विणीचा मुहूर्त करता येत नाही. पाऊस आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते एवढेच: ओहोळ बुजवू नयेत, त्यांच्या उगमाकडची झाडी राखावी, खालच्या इंद्रायणीत मैला आणि कारखान्यांची घाण सोडू नये, आणि पहिल्या लोंढ्याचे पंधरा दिवस चढणाऱ्या माशांना वाट द्यावी. पावसाची वेळ चुकू लागली आहे. निदान आपण तरी त्यांच्या वाटेत उभे राहू नये.