एक सेकंद, दोन फ्रेमी : क्रॉस-कंट्री शर्यतीत ‘फुल सस्पेन्शन’ कसे आले? #थ्रेड

१/
१२ ऑगस्ट २०१२. लंडन ऑलिम्पिकचा शेवटचा दिवस. एसेक्समधील हॅडली फार्मच्या टेकडीवर पुरुषांची क्रॉस-कंट्री माउंटन बाइक शर्यत संपत आली होती. शेवटच्या फेरीत स्वित्झर्लंडचा नीनो शुर्टर पुढे होता. अंतिम रेषा नजरेच्या टप्प्यात आली असताना चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावीने मुसंडी मारली आणि १ तास २९ मिनिटे ७ सेकंदांत सुवर्ण पटकावले. शुर्टर मागे राहिला तो अवघ्या एका सेकंदाने.

२/
दोघांच्या सायकली वेगळ्या घराण्यांतल्या होत्या. शुर्टरची ‘हार्डटेल’ : पुढच्या फोर्कमध्ये धक्के शोषण्याची सोय, मागचा भाग मात्र ताठ. कुल्हावीची ‘फुल सस्पेन्शन’ : मागच्या चाकालाही शॉक अ‍ॅब्सॉर्बर. क्रॉस-कंट्रीचे ऑलिम्पिक सुवर्ण अशा फ्रेमने प्रथमच जिंकले होते. मग तो एक सेकंद फ्रेमचा होता काय?

३/
या प्रश्नाची मुळे १९९० मध्ये आहेत. त्या वर्षी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या डुरँगो येथे माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली. उताराच्या शर्यतीत ग्रेग हरबोल्ड रॉकशॉक्सचा सस्पेन्शन फोर्क लावून जिंकला आणि पुढच्या फोर्कबद्दलचा वाद लवकरच मिटला. मागच्या चाकाचा वाद मात्र पुढे दोन दशके चालला.

४/
कारण साधे होते. मागच्या शॉकला दोन प्रकारचे बळ कळते : जमिनीकडून येणारा धक्का आणि पेडल मारताना वरून येणारा स्वाराचा जोर. साध्या शॉकला या दोहोंतला फरक कळत नाही. चढावर प्रत्येक पेडलागणिक फ्रेम खाली-वर डुलते आणि स्वाराची ताकद वाया जाते. त्यात शॉक, जोडदांडे आणि बिजागऱ्यांचे वजन वाढते ते वेगळेच.

५/
१९९६ मध्ये हा खेळ अटलांटा ऑलिम्पिकमध्ये दाखल झाला. नेदरलँड्सचा बार्ट ब्रेन्टजेन्स हार्डटेलवर जिंकला. त्याला लागलेला वेळ २ तास १७ मिनिटांहून अधिक होता. इतक्या दीर्घ शर्यतीत हलकी सायकल हेच शहाणपण ठरे. पुढे २००४ आणि २००८ अशी दोन सुवर्णे जिंकणारा फ्रान्सचा ज्युलियाँ अ‍ॅब्सालोनही हार्डटेलवरच होता.

६/
दरम्यान अभियंते स्वस्थ बसले नव्हते. मोटारसायकलींच्या जगातून आलेल्या ऑस्ट्रियन होर्स्ट लाइटनर यांनी मागच्या चाकाच्या आसाजवळ, खालच्या दांड्यावर एक बिजागरी बसवली. त्यामुळे चाकाचा मार्ग आणि ब्रेकचा परिणाम अधिक काटेकोरपणे ठरवता येऊ लागला. ही रचना ‘होर्स्ट लिंक’ म्हणून ओळखली जाते. तिचे पेटंट १९९८ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने विकत घेतले.

७/
निर्णायक पाऊल पडले २००० नंतर. स्पेशलाइज्डच्या ‘एपिक’ फ्रेममध्ये ‘ब्रेन’ नावाची झडप आली. तिच्यात एक छोटे वजन असते. जमिनीकडून धक्का येताच चाक वर उडते, वजन जडत्वाने जागीच राहते, झडप उघडते आणि शॉक काम करू लागतो. स्वाराच्या पेडलने ती उघडत नाही. दोन बळांतला फरक ओळखणारे यंत्र अखेर सापडले होते.

८/
२००३ मध्ये बेल्जियमचा फिलिप मेरहागे एपिकवर जगज्जेता झाला. परंतु पुढच्याच वर्षी त्याच्या चाचणीत ईपीओ हे बंदी असलेले औषध आढळले आणि त्याने कबुलीही दिली. २००३ चे विजेतेपद त्याच्याच नावावर राहिले, पण नव्या फ्रेमचा पुरावा म्हणून त्या विजयाकडे निःशंकपणे बोट दाखवणे कठीण झाले.

९/
याच काळात शर्यतच बदलत होती. दूरचित्रवाणीसाठी ती आखूड झाली, फेऱ्या लहान झाल्या, मुद्दाम रचलेले खडकाळ उतार आले. अटलांटाची सव्वादोन तासांची कसोटी लंडनमध्ये दीड तासावर आली होती. वजनाची किंमत तीच राहिली. मात्र चाकाची जमिनीवरची पकड आणि स्वाराच्या कमरेला वाचलेला थकवा यांची किंमत वाढली.

१०/
आता पुन्हा हॅडली फार्मकडे. ‘फुल सस्पेन्शन जिंकले’ हे वाक्य मोहक आहे, पण पुरावा तेवढे सांगत नाही. कुल्हावीची चाके २९ इंची होती, शुर्टरची २७.५ इंची. शिवाय कुल्हावी २०११ चा जगज्जेता होता. फ्रेम, चाक, पाय, डावपेच : एका सेकंदाचे श्रेय यांपैकी कोणा एकाला देता येत नाही. आधी काय आणि नंतर काय घडले, एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही.

११/
खरा पुरावा पुढच्या निवडींत आहे. २०१६ मध्ये रिओत शुर्टरने अखेर सुवर्ण जिंकले ते फुल सस्पेन्शन फ्रेमवर, आणि रौप्य मिळाले कुल्हावीला. टोकियोत टॉम पिडकॉक आणि योलांडा नेफ, पॅरिसमध्ये पुन्हा पिडकॉक आणि पॉलीन फेराँ-प्रेव्हो : सारे फुल सस्पेन्शनवर. चार वर्षांचे श्रम पणाला लावताना स्वार काय निवडतात, हे एका निकालापेक्षा अधिक बोलके असते.

१२/
म्हणून फ्रेमची निवड आज वेगळ्या प्रश्नांनी सुरू होते. मागचे चाक किती हलावे? ट्रेकच्या ‘सुपरकॅलिबर’ने आरंभी फक्त ६० मिलिमीटर दिले, इतर अनेक फ्रेमी १०० ते १२० देतात. शॉक कोण आवळणार : झडप आपोआप, की हँडलवरच्या खटक्याने स्वार? मागे बिजागरी हवी, की कार्बनचे दांडे किंचित लवले तरी पुरे? हार्डटेलही संपलेली नाही. मार्ग गुळगुळीत आणि चढ लांब असेल, तर हलक्या ताठ फ्रेमचे गणित आजही जुळते.

१३/
ग्रॅम तराजूवर मोजता येतात, थकवा येत नाही. म्हणून वर्षानुवर्षे ग्रॅमच जिंकत राहिले. मार्ग खडतर झाले तेव्हा न मोजलेली ती बाजूही हिशेबात आली. लंडनमध्ये हरलेला शुर्टर चुकीच्या फ्रेमवर बसला होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याची निवड त्याच्याआधीच्या प्रत्येक ऑलिम्पिक विजेत्याने केलेलीच निवड होती. इतिहास कूस बदलत असताना जुन्या अनुभवावर विसंबणारा माणूस मूर्ख नसतो. कधीकधी तो फक्त एका सेकंदाने मागे असतो.

(थ्रेड समाप्त)