सां पावलूच्या कपेलीतील वर्ष

जुन्या गोव्यास गेलेला यात्रिक मोठमोठ्या इगर्जी पाहून माघारी फिरतो. तेथून थोड्याच अंतरावर रस्त्याच्या कडेला एक दगडी कमान एकाकी उभी आहे, तिच्याकडे वळणारे थोडेच. कमानीमागे आता काही नाही. परंतु सोळाव्या शतकात या दारातून रोज पहाटे निरनिराळ्या देशांची मुले रांगेने आत जात आणि लॅटिन भाषेत प्रार्थना म्हणत. ती मुले तेथेच राहत, तेथेच जेवत, तेथेच शिकत. सां पावलूचे विद्यालय ते हेच. या वसतिगृहातील उपासनेचे वर्ष कसे सरत असे, आणि त्या वर्षाचा खर्च कोठून येत असे, हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारावयास हवेत असे आम्हास वाटते.

प्रथम खर्चाचे पाहू. 1540 च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. पुढच्याच वर्षी मिगेल वाझ व दियोगु द बोर्बा या दोघा पाद्र्यांच्या पुढाकाराने ‘सांता फे’ नावाचा संघ स्थापन झाला. एतद्देशीय मुलांना ख्रिस्ती धर्माचे शिक्षण देऊन, त्यांनी पुढे आपापल्या लोकांत आपापल्या भाषेत तो धर्म सांगावा, असा संघाचा हेतू होता. हेतूला पैसा लागतो. 30 जून 1541 रोजी बेटांवरील गांवकरांना बोलावून, पडलेल्या देवळांच्या नमशीच्या जमिनींतून दरसाल 2000 पांढऱ्या टंका देण्याचे ठरवून घेण्यात आले. नमशी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. नंदादीपाचे तेल, नैवेद्याचे तांदूळ, वाजंत्र्यांचे आणि भाविणींचे पोट ज्या शेतांवर चाले, ती ही शेते. कागदात गांवकरांनी संमती दिल्याचे नमूद आहे. ज्यांची देवळे नुकतीच भुईसपाट झाली होती, त्यांच्या संमतीचे मोल वाचकांनीच ठरवावे.

विद्यालयाची इगर्ज लहान नव्हती. फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला. त्याच वर्षी युरोपात धाडलेल्या पत्रात त्याने ही इगर्ज पॅरिसच्या सोर्बोन विद्यालयातील इगर्जीच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे लिहिले आहे. येथील साठांहून अधिक मुलांपैकी काही जण नित्यप्रार्थनेचा पाठ म्हणू लागल्याचेही तो कळवितो. त्या मुलांत कोंकणी होती, मलबारी होती, तशीच हबशी आणि मलायीही होती. पुढे 1548 साली अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ गोव्यात आला. पेंतेकोस्ताच्या सणाला त्याला बिशपांच्या हस्ते बाप्तिस्मा मिळाला आणि तोही येथेच शिकला. एका भिंतीच्या आत इतक्या भाषा नांदत, पण उपासनेची भाषा एकच होती आणि ती यांपैकी कोणाच्याच घरची नव्हती.

या वर्षातील सर्वांत मोठा दिवस 25 जानेवारीचा. पावलूचे मन पालटले तो हा दिवस, आणि त्यावरूनच विद्यालयाला त्याचे नाव मिळाले. त्या दिवशी कपेलीत सामुदायिक बाप्तिस्मे होत. ज्यांना ख्रिस्ती करावयाचे, त्यांना नवी वस्त्रे नेसवून मिरवणुकीने आणीत. वाद्ये वाजत, मुले स्तोत्रे गात. व्हिजरई कोंस्तांतीनु द ब्रागांसाच्या कारकीर्दीत (1558 ते 1561) या सोहळ्यांना दरबारी थाट आला, आणि स्वतः व्हिजरई धर्मपिता म्हणून उभा राहू लागला. मिरवणुकीत स्वखुशीने चालणारे नव्हतेच, असे आम्ही म्हणणार नाही. दुष्काळात अन्नासाठी, कुळाच्या जाचातून सुटण्यासाठी, कोणी खऱ्या श्रद्धेनेही त्या दारातून आत गेले असतील. पण 1559 च्या मार्च महिन्यातील फर्मानही विसरता येत नाही. आईबाप व आजोबा-आजी नसलेली हिंदूंची पोरकी मुले सां पावलू विद्यालयाच्या स्वाधीन करून त्यांना बाप्तिस्मा द्यावा, असा तो हुकूम होता. पुढे पुढे केवळ बाप वारला असला तरी मूल पोरके धरण्याचा प्रघात पडला. आई जिवंत असताना! मग नवऱ्याची चिता विझण्यापूर्वी मुलाला होडीत घालून पलीकडच्या तीरावर, आदिलशाही मुलखातील नातलगांकडे पोचविणे, हे घराघरांचे काम होऊन बसले.

वर्षाचे बाकीचे टप्पे रोमी पंचांगाप्रमाणेच होते. नाताळच्या मध्यरात्रीचा मिस, कपाळावर राख लावून सुरू होणारा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, दुःखाचा शुक्रवार, मग पास्कांचा आनंद. 1554 च्या मार्चात, याच उपवासकाळात, झेवियरचे शव मलाक्क्याहून येथे आणले. ते अनेक वर्षे विद्यालयातच होते, त्यामुळे या कपेलीला एका तीर्थक्षेत्राचे रूप आले.

आम्हास सर्वांत विचार करावयास लावते ती पावसाळ्याची गोष्ट. रोमी पंचांगानुसार ख्रिस्ताच्या देहाचा सण, म्हणजे कोर्पुस क्रिस्ती, बहुधा जून महिन्यात येतो. युरोपात तो उन्हाळा, येथे तो मृगाचा पाऊस! पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाच्या इटालियन प्रवाशाने 1623 साली ही मिरवणूक गोव्यात 27 एप्रिल रोजीच निघालेली पाहिली. खरा दिवस पावसात येतो म्हणून येथील इगर्जीने तो अलीकडे ओढल्याचे त्याने नोंदविले आहे. आपल्या बहुतेक देवस्थानांच्या पालख्याही चातुर्मासात बाहेर पडत नाहीत. ज्या पंचांगापुढे माणसांना वाकावयास लावले, ते पंचांग या भूमीच्या पावसापुढे मात्र स्वतः वाकले.

दुसरा बदल भाषेचा. 1556 च्या सप्टेंबरात हबशाणाकडे निघालेला एक छापखाना गोव्यात उतरला आणि येथेच राहिला. हिंदुस्थानातील पहिला छापखाना तो हाच, आणि तो या विद्यालयात बसला. प्रारंभी त्यावर निघाली ती परकी भाषेतील पुस्तके. परंतु लॅटिन पाठ कितीही घोकले, तरी नवख्रिस्त्यांच्या कानाला ओवीची सवय होती. ती सवय ओळखली तोमास स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने. 1579 साली तो गोव्यात आला, साष्टीत वर्षानुवर्षे राहिला, आणि मराठी ओवीत रचलेले त्याचे क्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला रोमी लिपीत छापले गेले. पुराण हे नाव, ओवी हा छंद, भाषा आपली. देवळातील पुराणिकाची जागा रिकामी झाली होती, ती कोणीतरी भरून काढणे प्राप्तच होते, हे स्टीफन्सने नेमके हेरले.

इकडे देव नदीपार झाले होते. दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वर डिचोलीतील नार्व्याला गेला. 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दिवाडीचा गणपती फिरत फिरत अखेर खांडोळ्यास स्थिरावला. तेथे नवी शेते लावून दिली गेली आणि नंदादीप पुन्हा लागले. बेटांवरच्या जुन्या नमशीची शेते मात्र ज्यांनी नेली त्यांच्याकडेच राहिली.

विद्यालयाचे दिवसही फार काळ टिकले नाहीत. ती जागा रोगट ठरली, साथींत माणसे मेली, आणि सतराव्या शतकाच्या प्रारंभी विद्यालय शेजारच्या टेकडीवर हलविण्यात आले. 1759 साली पोर्तुगीज मुलखातून जेझुइटांचीच हकालपट्टी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुनी इमारत सरकारनेच पाडविली. इगर्जीच्या दर्शनी भागातील ती कमान तेवढी राहिली.