हौज की होज?

ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. नगरातल्या एका गॅरेजात ती जॅकवर चढवली. पॅड ठीक, डिस्क ठीक. मेकॅनिकने स्टिअरिंग पूर्ण वळवलं, पुढच्या उजव्या चाकामागचा वीतभर रबरी पाइप बोटांत धरून वाकवला, तशा त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या. "सर, हौज पाइप गेलाय. आतून फुगलाय, तेल पुढं जाईना. एकच नको, दोन्ही बाजूंचे बदला."

तेल चाकापर्यंत बहुतेक लोखंडी नळीतूनच जातं. पण चाक वळतं, खड्ड्यात उडतं, म्हणून शेवटची वीतभर वाट रबराची. एवढं मला ठाऊक होतं. मी अडकलो तो 'हौज'वर. इंग्रजी शब्द होज. हा 'हौ' कुठून आला?

माझी खात्री आहे की तो हौदातून आला. आणि हे सुचायला नगरसारखं दुसरं गाव नाही. निजामशाहीने हे शहर वसवलं ते खापरी नळांनी बाहेरून पाणी आणून आणि जागोजाग हौद बांधून; १५८३ मध्ये पुरा झालेला फराहबाग तर भल्यामोठ्या हौदाच्या मधोमधच उभा. हा मूळ शब्द अरबी, 'हौद'. त्याच्या शेवटी जो जड 'द' आहे, त्याचा इराणी लोक 'झ' करतात. आपल्याकडे अरबी शब्द फारसीच्या वाटेने आले, म्हणून त्या अक्षराचा मराठीत 'ज' झाला: काजी, कर्ज, अर्ज, हजर, मर्जी, जप्ती, जिल्हा. या न्यायाने आपण 'हौज' म्हणायला हवं होतं. म्हणतो मात्र 'हौद'. सगळी वरात एका रस्त्याने गेली, हा एकटा गल्लीत शिरला.

एक उत्तर असं देता येईल की हा शब्द फारसीला वळसा घालून, अरब व्यापाऱ्यांच्या तोंडून थेट चौलसारख्या बंदरांत उतरला. ऐकायला गोड, पण मला पटत नाही. उत्तरेत, समुद्रापासून शेकडो कोसांवरच्या हिंदीतही हौज आणि हौद दोन्ही नांदतात. तिथे कुठलं गलबत गेलं? माझा तर्क वेगळा. हत्तीवरचा 'हौदा' हा अरबी 'हौदज'चा वंशज. त्याचं या शब्दाशी काही नातं नाही. पण चारी बाजूंनी कठडा आणि वरून उघडा, असा त्याचा घाट पाण्याच्या टाकीसारखाच. लोकांनी दोघांना भाऊ मानलं आणि एकाचा 'द' दुसऱ्याला चिकटला. हिंदीत गुरांच्या पाण्याच्या टाकीलाही हौदा म्हणतात, यापेक्षा चांगला साक्षीदार कुठला?

आता गॅरेज. मोटारकामाची बोली मराठी मुलखातही अर्धीअधिक हिंदुस्थानी. त्या बोलीत हौज हा शब्द आधीच तयार होता. इंग्रजी होज कानावर आला, तोही पाण्याच्या नळीसाठी, आणि तो ओळखीच्या हौजात जाऊन पडला. हौजातून पाणी नेतो तो हौज पाइप!

यावर जाणकारांचा आक्षेप असा की साहेबाच्या तोंडचा 'ओ'च मुळी 'औ'कडे झुकलेला, त्यासाठी हौद खणायला नको. ठीक. मग कोट, बोट, नोट, मोटार यांतही तोच 'ओ' होता. कुणी कौट शिवला? कुणी नौट मोडली? मात्रा वाढली ती एकट्या होजची, कारण शेजारी हौज बसला होता.

आणि शब्द उलट दिशेनेही गेलेत. नगरच्या लष्करी संग्रहालयात ज्या गाड्या मांडल्यात, त्यांचं 'टँक' हे नाव पहिल्या महायुद्धात गुप्ततेसाठी पडलं: पाण्याच्या टाक्या बनताहेत असं भासवायला. ते इंग्रजीत आपल्या टाक्यावरून, गुजराती टांकीवरून गेलं की पोर्तुगीजांकडून, हा वाद मिटलेला नाही. मी अर्थातच टाक्याच्या बाजूने.

मात्र इंग्रजी होज स्वतः हौजाचा कुणी नाही, हे कबूल करायला हवं. तो निघाला पायमोज्यातून. जुन्या इंग्रजीत होज म्हणजे पायाचं आवरण. जर्मनीत आजही त्याचा अर्थ विजार. नळीसाठी तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस वापरात दिसतो. सतराव्या शतकात अ‍ॅमस्टरडॅमचा चित्रकार यान व्हान डर हेडन याने आगीच्या बंबाला चामड्याची नळी जोडली. डचांनी तिला साप म्हटलं, इंग्रज मोज्यावरच राहिले. पुढे रबर आलं, १९१७ मध्ये माल्कम लॉकहीडने तेलाच्या दाबावरच्या ब्रेकचं पेटंट घेतलं, आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना तो लागला.

इकडे नवे पाइप बसले, तांब्याचे वायसरही नवे. वळवलेलं चाक पाइपाला घासत नाही ना, हे दोन्हीकडे पाहून झालं. मग पोऱ्या पॅडल दाबून धरी, मेकॅनिक निपल सैल करी, बुडबुडे तेलासकट बाहेर. नळीत हवा अडकली की ब्रेक स्पंजासारखा दबतो. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकीच्या नहरीवर हवा सुटायला उंच मनोरे उभारले होते, तेच काम इथे करंगळीएवढं निपल करत होतं.

जुना पाइप मी मागून घेतला आणि करवतीने कापला. रबराच्या दोन थरांमध्ये घट्ट विणलेली दोऱ्याची जाळी निघाली. सरळ सरळ मोजाच! इंग्रजांचं बरोबर होतं.

मी गप्प झालो. तेवढ्यात बिल आलं: "हौज पाइप, २ नग". वर दोन ठसठशीत मात्रा.