महाळुंगे पडवळपासून नाणेघाटापर्यंत : एक शोधखेळ

वर्षअखेरीस सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शोधखेळ आखायचा, तर त्याचा आरंभ आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथून व्हावा. पहिले कोडे हुतात्मा बाबू गेनू सैद यांचे. १९०८ साली त्यांचा जन्म याच गावी झाला. पण उत्तराचा उरलेला अर्धा भाग गावात मिळत नाही. तो काळबादेवीत आहे. गिरणी कामगार झालेला हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी तेथे परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला.

पुढचे कोडे नाणेघाटातील लेण्याचे : ‘ज्यांची केवळ पावले उरली, ती माणसे कोण?’ भिंतीवरील सातवाहन राजपरिवाराच्या मूर्ती नष्ट झाल्या; वर कोरलेल्या ब्राह्मी नावांवरून सिमुक, सातकर्णी, नागनिका ओळखता येतात. शेजारच्या दीर्घ लेखात यज्ञांतील गायी, घोडे व कार्षापणांची दाने अंकांत नोंदलेली आहेत. शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे. शून्य मात्र नाही. मुलांनी ते हुडकावे.

एरवी अशा खेळात वस्तू गोळा करून आणतात. येथे वहीतली नोंदच आणायची. झिजत्या अक्षरांवर खडूसुद्धा फिरवायचा नाही.

अखेरचा टप्पा घाटमाथ्यावरचा दगडी रांजण. जकात त्यात टाकत, ही परंपरेने आलेली समजूत. ती नोंदवतानाही ‘म्हणतात’ हा शब्द गाळला, तर गुण कापावेत.