यशस्वी शस्त्रक्रियेनंतरची पंचावन्न वर्षे

१/ एप्रिल १९५५, हार्टफर्ड, अमेरिका. एका २९ वर्षांच्या रुग्णाला तारीख विचारली गेली. उत्तर आले, मार्च १९५३. वय? २७. समोर बसलेल्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी ही उत्तरे टिपून घेतली. मेंदूच्या इतिहासात हा रुग्ण पुढे अर्धशतकाहून अधिक काळ केवळ 'एच. एम.' या आद्याक्षरांनी ओळखला गेला.

२/ हेन्री मोलेसन हे त्यांचे नाव. बालपणीच अपस्माराचे लहान झटके येऊ लागले, पंधराव्या वर्षापासून मोठे. औषधांची मात्रा वाढत गेली, तरी सत्ताविशीपर्यंत कारखान्यातली नोकरी करणेही अशक्य झाले.

३/ ऑगस्ट १९५३ मध्ये शल्यचिकित्सक विल्यम स्कोव्हिल यांनी डोळ्यांच्या वर कवटीला दोन छिद्रे पाडली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग व त्यालगतची ऊती शोषून काढली. ही शस्त्रक्रिया उघडउघड प्रायोगिक होती, हे १९५७ च्या शोधनिबंधात त्यांनीच लिहून ठेवले आहे. ती कबुली प्रामाणिक खरी, पण प्रयोगाची किंमत दुसऱ्याने मोजली होती.

४/ कागदावरचा निकाल मात्र चांगलाच होता. झटके पुष्कळ कमी झाले. बुद्ध्यांक १०४ होता, तो ११२ वर गेला. स्वभाव सौम्य, भाषा शाबूत, बालपणीच्या आठवणी जागेवर. गेली ती नवी आठवण साठवण्याची शक्ती. माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला, की तो हेन्रींसाठी अनोळखी असे.

५/ या रुग्णामुळे विज्ञानाला काय मिळाले, ते पाठ्यपुस्तकांत आहेच. आरशात पाहून तारा गिरवण्याचा सराव त्यांनी तीन दिवस केला. हात रोज सफाईदार होत गेला, सराव केल्याचे मात्र त्यांना आठवेना. स्मृती एकच नसते, हे त्यातून उमगले. पाठ्यपुस्तके सहसा इथेच थांबतात. हेन्रींना मात्र यानंतर जवळजवळ अर्धशतक जगायचे होते.

६/ ते आयुष्य कसे होते? एका पुनर्वसन केंद्रात सिगारेट लायटर पुठ्ठ्याच्या चौकटीवर बसवण्याचे काम त्यांना मिळाले. सहा महिने ते केल्यावरही आपण कुठे काम करतो, हे त्यांना सांगता येत नसे. वडील वारले. ती बातमी मनात टिकेना, म्हणून तिची चिठ्ठी पाकिटात असे. भुकेचेही तसेच. ० ते १०० च्या मोजपट्टीवर भूक किती, असे विचारले तर जेवणाआधी आणि जेवणानंतरही उत्तर बहुधा ५०.

७/ ते दुःखी होते का? दशकानुदशके त्यांचा अभ्यास करणाऱ्या सुझान कॉर्किन यांना ते बहुतेक वेळा शांत, विनोदी आणि मदतीस तत्पर दिसले. तरी एक धास्ती त्यांनी स्वतःच बोलून दाखवली होती: या क्षणी सारे स्पष्ट आहे, पण मघाशी काय घडले? आपण काही चुकीचे तर बोललो नाही ना? ही अवस्था त्यांना स्वप्नातून जागे होण्यासारखी वाटे. बुद्ध्यांकाच्या आकड्यात ही धास्ती कुठेच मावत नाही.

८/ मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांच्या रुग्णांत एकाच बाजूच्या शस्त्रक्रियेनंतरही दोघांची स्मृती गेली होती. मिल्नर हेन्रींपर्यंत पोहोचल्या त्या या कोड्याचा माग काढतच. पुढे दोन्ही बाजूंची अशी शस्त्रक्रिया करू नये, असा इशारा खुद्द स्कोव्हिल यांनी दिला. शस्त्रक्रियेपूर्वी स्मृतीची कसून तपासणी करण्याची पद्धतही रुळत गेली.

९/ तरीही 'यश' मोजायचे माप बराच काळ एकच राहिले: झटके थांबले की नाही. अपस्मारावर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या जीवनमानाची ५५ प्रश्नांची खास प्रश्नावली १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात रुग्णालाच त्याची मनःस्थिती, उत्साह, स्मरण आणि रोजचे कामकाज यांविषयी विचारले होते. हेन्रींच्या शस्त्रक्रियेनंतर ३९ वर्षांनी.

१०/ त्या वर्षी हेन्री ६६ वर्षांचे होते. विंडसर लॉक्सच्या शुश्रूषागृहात त्यांचा मुक्काम होता आणि त्यांचा आवडता विरंगुळा शब्दकोड्यांचा. २ डिसेंबर २००८ रोजी ते वारले, तेव्हा कुठे जगाला त्यांचे पूर्ण नाव कळले.