'देशातलं सर्वांत जुनं स्टेशन': एका पाटीची तपासणी

तुमच्या रिसर्च प्रपोजलमध्ये 'हे काम प्रथमच होत आहे' असं वाक्य आहे का? माझ्या होतं. गाइडनी 'प्रथमच'भोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, 'नक्की काय प्रथम?' उत्तर शोधता शोधता मी भलतीकडेच पोहोचले: अमेरिकेतल्या एका छोट्या एएम रेडिओ स्टेशनच्या इतिहासात.

विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला, विद्यापीठाच्या आवारात एक पाटी आहे. ९एक्सएम-डब्ल्यूएचए हे देशातलं सर्वांत जुनं स्टेशन, असं ती सांगते. १९१७ मध्ये आवाज आणि संगीत, १९१९ पासून ठरलेल्या वेळेला प्रसारण. आता हे तपासायचं कसं?

९एक्सएम हे लायसन्सवरचं नाव. ९ म्हणजे नववा रेडिओ विभाग, एक्स म्हणजे प्रायोगिक. फिजिक्सचे प्राध्यापक अर्ल टेरी आणि त्यांचे विद्यार्थी ते चालवायचे. डिसेंबर १९१६ मध्ये त्यांनी हवामानाचे अंदाज पाठवायला सुरुवात केली, पण मोर्स कोडमध्ये. आता शेतकऱ्याला मोर्स कुठून येणार? टेरींना माणसाचा आवाज पाठवायचा होता. त्यासाठी मोठ्या व्हॅक्यूम ट्यूब लागत, आणि त्या दुकानात जाऊन आणण्यासारख्या नव्हत्या. मग विभागातच काच फुंकायची, आत इलेक्ट्रोड बसवायचे, हवा काढायची. एवढं करून ट्यूब जळली की पुन्हा पहिल्यापासून. (सायन्सवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? आमच्याकडे व्हॅक्यूम पंप रुसला की अख्खा आठवडा जातो.) या पोरांपैकी माल्कम हॅन्सन पुढे बर्डच्या अंटार्क्टिका मोहिमेत रेडिओ सांभाळायला गेला.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि खाजगी स्टेशनं बंद करायला लावली. ९एक्सएमला मात्र नौदलासाठी प्रयोग करायची परवानगी मिळाली. म्हणजे बाकीचे गप्प असताना हे चालू होते. पाटीवरच्या दाव्याचं मूळ मला इथे दिसतं.

पण 'चालू' म्हणजे काय? लायसन्स हातात असणं? मोर्स पाठवणं? नौदलाच्या केंद्राशी बोलून पाहणं? की कुणीही ऐकावं म्हणून ठरलेल्या वेळेला बोलणं? शेवटची व्याख्या धरली तर ९एक्सएमवरून हवामानाचे अंदाज नियमितपणे आवाजात सुरू झाले ते ३ जानेवारी १९२१ ला. त्याआधी २० ऑगस्ट १९२० ला डेट्रॉइटचं ८एमके आणि २ नोव्हेंबरला पिट्सबर्गचं केडीकेए सुरू झालं होतं. गंमत म्हणजे, स्टेशनचा इतिहास बारकाईने तपासणारं २००६ चं पुस्तक रँडल डेव्हिडसन यांचं आहे, आणि ते विस्कॉन्सिन पब्लिक रेडिओचेच. घरच्याच माणसाने घरची पाटी तपासली! असा अभ्यास मला परक्याने केलेल्या टीकेपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्याला त्यात गमावण्यासारखं काहीतरी असतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. 'पहिलं कोण' या भांडणात पुढची गोष्ट मागे पडते. १९२२ मध्ये स्टेशनला डब्ल्यूएचए हे नाव मिळालं. १९३१ मध्ये त्यांनी शाळांसाठी कार्यक्रम सुरू केले. एकच शिक्षक असलेल्या खेड्यातल्या शाळेत संगीत कोण शिकवणार? ते रेडिओवरून शिकवलं गेलं. १९३६ पासून तर चक्क चित्रकला. ऐकून चित्र काढायचं! विचार करा, शिक्षकाने एकही रेघ न दाखवता वर्ग घ्यायचा.

या कार्यक्रमांना वेळही दिवसाचीच मिळायची. सूर्य मावळला की मिडियम वेव्हच्या लहरी आयनोस्फिअरवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात आणि त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या दुसऱ्या स्टेशनांत मिसळतात. म्हणून डब्ल्यूएचएला कित्येक वर्षं फक्त दिवसा बोलायची मुभा होती. पुढे ९७० किलोहर्ट्झवर दिवसा ५,००० वॉट आणि रात्री अवघे ५१ वॉट अशी परवानगी मिळाली. ५१ वॉट म्हणजे आपल्या पंख्यापेक्षाही कमी.

माझ्या प्रपोजलमधलं 'प्रथमच' गेलं. त्याजागी दीड ओळीची व्याख्या टाकली आहे. गाइडनी तिच्यातल्याही एका शब्दाभोवती गोल काढलाय.